बदलती डार्क एनर्जी आणि रचनांची वाढ: काय-स्क्वेअर कमी आला म्हणजे मॉडेल खरं ठरलं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणारा घटक; तिचा दाब आणि घनता यांचं गुणोत्तर, म्हणजे डब्ल्यू, काळानुसार बदलतं असं मॉडेल तुम्ही घेतलंत. वेगवेगळ्या शोधनिबंधांतून एफ-सिग्मा-८ चे (रचनांच्या वाढीचा दर एफ गुणिले पदार्थाच्या गुठळ्यांची तीव्रता सिग्मा-८) ३४ बिंदू गोळा केलेत. ओमेगा-एम, म्हणजे विश्वातला पदार्थाचा वाटा, प्लँक उपग्रहाच्या मूल्याला बांधून ठेवलात, आजची सिग्मा-८ मोकळी सोडलीत आणि फिट केलंत. लॅम्डा-सीडीएमचा, म्हणजे डार्क एनर्जी स्थिर मानणाऱ्या प्रमाण मॉडेलचा, काय-स्क्वेअर (मॉडेल आणि मोजमापं यांतली एकूण तफावत) १७.२ आला, तुमच्या मॉडेलचा १५.९. आता ‘रचनांच्या वाढीचा डेटासुद्धा बदलत्या डार्क एनर्जीच्या बाजूने आहे’ असं लिहावं का, आणि एस-८ चा ताण (आदिविश्व आणि जवळचं विश्व यांतून मिळणाऱ्या गुठळ्यांच्या आकड्यांतली दरी) मिटला असं म्हणावं का?

दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तुमचं काम वाया गेलेलं नाही. प्रश्न चांगला आहे, फक्त तो डेटाला ज्या तऱ्हेने विचारलात ती तऱ्हा बदलायला हवी.

आधी त्या १.३ च्या फरकाचं बघू. तुमच्या मॉडेलमध्ये दोन पॅरामीटर जास्त आहेत: आजचं मूल्य डब्ल्यू-शून्य आणि बदलाचा दर डब्ल्यू-ए. दोन जादा पॅरामीटर असले की निव्वळ योगायोगाने एवढी सुधारणा मिळण्याची शक्यता काढायला तक्ता लागत नाही. काय-स्क्वेअरमधला फरक निम्मा करा, त्याला ऋण चिन्ह लावा आणि ई चा तेवढा घात घ्या. १.३ चे निम्मे ०.६५, आणि ई चा उणे ०.६५ वा घात येतो ०.५२. म्हणजे लॅम्डा-सीडीएम शंभर टक्के खरं असलं तरी अर्ध्याहून जास्त वेळा तुम्हाला एवढी किंवा याहून मोठी सुधारणा दिसेल. हाच हिशेब डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाच्या मार्च २०२५ च्या निकालांना लावून पाहा. बीएओ (दीर्घिकांच्या वितरणातली अंतर मोजायची ठरावीक लांबी) आणि सीएमबी (आदिविश्वातून उरलेला प्रकाश) एवढंच घेतलं तर फरक १२.५ होता: शक्यता हजारात दोनच्या आसपास, म्हणजे ३.१ सिग्मा (इथे सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन). त्यात डीईएस सर्वेक्षणाचे पाच वर्षांचे सुपरनोव्हा मिळवले की फरक २१: शक्यता लाखात तीनच्या खाली, म्हणजे ४.२ सिग्मा. त्याऐवजी पँथिऑन-प्लस हा सुपरनोव्हांचा संच घेतला तर १०.७, म्हणजे २.८ सिग्मा. पुढे डीईएसच्या सुपरनोव्हांचं कॅलिब्रेशन सुधारल्यावर तो ४.२ चा आकडा ३.२ वर आला. आज बदलत्या डार्क एनर्जीबद्दल जी काही उत्सुकता आहे ती अंतरांच्या मोजमापांतून आलेली आहे. वाढीच्या डेटाने त्यात फारशी भर घातलेली नाही, आणि का घातलेली नाही हेच या उत्तरात सांगायचं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली: ३४ बिंदूंना काय-स्क्वेअर फक्त १७.२. एक पॅरामीटर मोकळा आहे, म्हणजे साधारण ३३ यायला हवा, आठेक इकडेतिकडे. तो निम्म्यावर आला की फिट छान झालं म्हणून खूश होऊ नका. एकतर त्रुटी गरजेपेक्षा मोठ्या धरल्या गेल्या आहेत, किंवा बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. तुमच्या यादीत दुसरं कारण नक्की आहे. बॉस सर्वेक्षणाच्या २०१७ च्या अंतिम निकालातले तीन बिंदू तुम्ही सुटे घेतले आहेत: रेडशिफ्ट (प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला; जास्त म्हणजे जुना काळ) ०.३८ ला ०.४९७, ०.५१ ला ०.४५८ आणि ०.६१ ला ०.४३६. त्यांचे पट्टे बघा: ०.२ ते ०.५, ०.४ ते ०.६ आणि ०.५ ते ०.७५. मधल्या पट्ट्यातली प्रत्येक दीर्घिका पहिल्या किंवा तिसऱ्या पट्ट्यातसुद्धा मोजली गेली आहे. त्या संघाने पूर्ण सहप्रसरण मॅट्रिक्स (बिंदूंच्या त्रुटी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत त्याचा तक्ता) दिली आहे, ती वापरल्याशिवाय हे तीन बिंदू एकत्र घेता येत नाहीत. विगल-झेड सर्वेक्षणाच्या तीन बिंदूंचंही तेच. शिवाय तुमच्या यादीत बॉसच्या आधीच्या डेटा रिलीजमधले आकडेही आहेत, म्हणजे त्याच आकाशातल्या त्याच दीर्घिका वेगळ्या वर्षी, वेगळ्या पद्धतीने मोजलेल्या. हे सगळं स्वतंत्र मानून मिळवलं की लहानशा कलालाही खोटं वजन मिळतं. २०१७-१८ च्या सुमारास अशी संकलनं बरीच निघाली, त्यातल्या एकात ६३ बिंदू होते. ज्यांनी ती केली त्यांनी स्वतःच या परस्परसंबंधांचा इशारा दिला होता. इशारा मागे पडला आणि तक्ते तेवढे पुढे चालत राहिले. माझं मत स्पष्ट आहे: ३४ बिंदू टाका, सात-आठ ठेवा. ६डीएफ, बॉस आणि ई-बॉस या सर्वेक्षणांचे अंतिम निकाल, डेसी. प्रत्येकाची पूर्ण मॅट्रिक्स घ्या आणि आकाशाचा एक तुकडा एकदाच मोजा.

आता मूळ मुद्दा. वाढीची कसोटी नेमकं काय तपासते? विश्वात जिथे पदार्थ सरासरीपेक्षा थोडा जास्त आहे तिथे गुरुत्व आणखी पदार्थ ओढतं, आणि प्रसरण त्याला विरोध करतं. रेषीय पातळीवर हे सगळं एका दुसऱ्या क्रमाच्या समीकरणात मावतं: एका बाजूला ओमेगा-एमच्या प्रमाणात ओढ, दुसऱ्या बाजूला हबल दराचं, म्हणजे प्रसरणाच्या दराचं, घर्षण. त्या समीकरणात डार्क एनर्जी थेट कुठेच येत नाही, येते ती फक्त हबल दराच्या इतिहासातून. म्हणजे सामान्य सापेक्षता खरी असेल आणि डार्क एनर्जी स्वतः गुठळ्या करत नसेल, तर अंतरं मोजून प्रसरणाचा इतिहास कळला की वाढीचा इतिहास ठरूनच गेला. त्यात नवीन स्वातंत्र्य उरत नाही. म्हणून वाढीचा डेटा म्हणजे डब्ल्यू मोजण्याची आणखी एक पट्टी नव्हे. अंतरांनी जो इतिहास सांगितला त्याच इतिहासात दीर्घिका त्याच वेगाने एकमेकींकडे ओढल्या गेल्या का, हे विचारणारी ती सुसंगतीची परीक्षा आहे. ‘नाही’ असं उत्तर आलं तर पहिला संशय डब्ल्यूवर घ्यायचा नाही. तो गुरुत्वावर घ्यायचा, किंवा डार्क एनर्जीच्या एकजिनसीपणाच्या गृहीतकावर, आणि बहुतेक वेळा डेटातल्याच एखाद्या पद्धतशीर चुकीवर.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आकडे मांडतो. हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करावा. डेसी, सीएमबी आणि डीईएसच्या सुपरनोव्हांनी दिलेलं मूल्य घ्या: डब्ल्यू-शून्य उणे ०.७५, डब्ल्यू-ए उणे ०.८६, ओमेगा-एम ०.३१९. विश्वाचा आकार आजच्या ०.७१ पट होता तेव्हा, म्हणजे रेडशिफ्ट ०.४ च्या आसपास, डब्ल्यू बरोबर उणे एक होतं. त्याआधी उणे एकच्या खाली, त्यानंतर वर. घनता काढली तर असं दिसतं: रेडशिफ्ट २ ला डार्क एनर्जी आजच्या पाऊणपट, १ ला जवळजवळ आजच्याइतकीच (दोन टक्के जास्त), ०.४ ला आजच्यापेक्षा १३ टक्के जास्त आणि तिथून उतरत आजच्या मूल्यावर. म्हणजे मधे एक उंचवटा आहे.

तोच ओमेगा-एम, तोच हबल स्थिरांक ठेवून लॅम्डाशी तुलना केली तर रेडशिफ्ट ०.५ ला हबल दर २.४ टक्के जास्त निघतो, आणि वाढीचा दर एफ ०.७६४ वरून ०.७४४ वर उतरतो. अडीच टक्के फरक. तुम्ही ओमेगा-एम बांधून जे पाहिलंत ते हेच. पण लॅम्डा-सीडीएमवर हा अन्याय आहे. त्याच बीएओ आणि सीएमबीवर त्याला स्वतःचं उत्तम मूल्य निवडू दिलं तर ते ०.३१९ निवडत नाही, ०.३०३ निवडतं. मग ०.५ ला त्याचा एफ ०.७५१ येतो, आणि फरक उरतो एक टक्का.

एक टक्का! डेसीने नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या डेटावरचं पूर्ण पॉवर स्पेक्ट्रमचं (कुठल्या मापावर किती गुठळ्या आहेत त्याचं) विश्लेषण मांडलं. त्यात सगळ्या दीर्घिका आणि क्वेसार मिळून रेडशिफ्ट-विकृतीच्या (दीर्घिकांच्या स्वतःच्या वेगांमुळे नकाशात येणाऱ्या विकृतीच्या) ॲम्प्लिट्यूडची एकत्रित अचूकता ४.७ टक्के होती. एक टक्क्याचा फरक तीन सिग्माने धरायचा तर ०.३ टक्के अचूकता हवी. तुमच्या ३४ बिंदूंना हा फरक दिसणंच शक्य नव्हतं. जे दिसलं तो बहुतांशी बांधलेल्या ओमेगा-एमचा परिणाम होता.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती मलाही बरीच वर्षं कळली नव्हती. आपापल्या उत्तम मूल्यांवर बसलेल्या या दोन मॉडेलांचा एफ सगळ्या रेडशिफ्टांवर मांडून पाहा. २ ला बदलत्या मॉडेलचा एफ सव्वा टक्का जास्त. १ ला पाऊण टक्का जास्त. ०.५ ला एक टक्का कमी. आणि आज पुन्हा अडीच टक्के जास्त. चिन्ह दोनदा उलटतं. कारण उघड आहे: पूर्वी डार्क एनर्जी कमी होती म्हणून वाढ जोमात होती, मधल्या उंचवट्यावर ब्रेक लागला, आणि अलीकडे डार्क एनर्जी विरळ होत असल्याने ब्रेक सैल सुटला. आता असा वर-खाली-वर जाणारा आकार तुम्ही एका सिग्मा-८ ने किंवा एका गॅमाने (हा काय ते खाली सांगतो) पकडायला गेलात तर काय होईल? वरचे खालच्यांना खाऊन टाकतील. सरासरी शून्याजवळ येईल आणि तुम्ही म्हणाल, ‘वाढीत फरक नाही.’ किंवा तुमचे बिंदू ज्या रेडशिफ्टला दाट आहेत तिथलं चिन्ह पूर्ण निकालाला चिकटेल. संकलनांमध्ये ०.३ ते ०.७ या पट्ट्यात सर्वात जास्त गर्दी असते, म्हणजे नेमकी उंचवट्यावर.

गॅमाचा विषय निघाला म्हणून सांगतो. एफ म्हणजे ओमेगा-एमचा सुमारे ०.५५ वा घात, आणि तो घात म्हणजे गॅमा; हे सूत्र लॅम्डा-सीडीएममध्ये उत्तम चालतं. लिंडर यांनी २००५ मध्ये दाखवलं की डब्ल्यू बदललं तरी हा घात जेमतेम हलतो. वरच्या मॉडेलसाठी तो ०.५५ ऐवजी ०.५४६ येतो. २०२३ मध्ये न्युएन, हूटरर आणि वेन यांनी वाढीचा आणि सीएमबीचा डेटा एकत्र घेऊन गॅमा ०.६३३ काढला, ३.७ सिग्माने वेगळा. वाढ अपेक्षेपेक्षा मंदावली आहे असा त्याचा अर्थ. तो निकाल टिकला तर बदलत्या डब्ल्यूची फुशारकी मारता येणार नाही, कारण बदलतं डब्ल्यू गॅमाला ०.६३ पर्यंत नेऊच शकत नाही. तिथे गुरुत्वाचाच नियम किंवा पदार्थाशी थेट देवघेव करणारी डार्क एनर्जी लागेल. म्हणून ‘गॅमा वेगळा आला, म्हणजे डार्क एनर्जी बदलते’ असं वाक्य दिसलं की मी तिथेच थांबतो. या दोन गोष्टी एकमेकींचा पुरावा नाहीत.

आता तुमच्या कोडकडे येतो. तुम्ही वाढीचा गुणक आज १ धरला आहे आणि आजची सिग्मा-८ मोकळी सोडली आहे. असं केलं की वक्राचा फक्त आकार तपासला जातो, उंची फुकट जाते. सीएमबीने ॲम्प्लिट्यूड ३,८०,००० वर्षं वयाच्या विश्वात मोजून ठेवली आहे. तिथून निघून आजवर वाढ किती झाली, हीच वाढीच्या डेटाची खरी ताकद आहे. समीकरण स्केल फॅक्टर (आजच्या तुलनेत विश्वाचा आकार) ०.००१ पासून सोडवा. तिथे पदार्थाचंच राज्य असल्याने वाढीचा गुणक स्केल फॅक्टरइतका धरता येतो. किरणोत्सर्गाचा उरलेला परिणाम महत्त्वाचा असेल तर क्लास किंवा कँब या तयार कोडकडूनच पॉवर स्पेक्ट्रम घ्या. मग आदिम ॲम्प्लिट्यूड प्लँकच्या लाइकलिहुडसकट (मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणाऱ्या फलनासकट) मोकळी सोडा आणि आजची सिग्मा-८ निष्कर्ष म्हणून बाहेर येऊ द्या. प्लँकची ऑप्टिकल डेप्थ (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांनी सीएमबी किती विखुरला त्याचं माप) ०.०५४ आहे, ०.००७ च्या अनिश्चिततेसह. तेवढ्यानेच सिग्मा-८ मध्ये पाऊण टक्क्याची धूसरता येते. एक टक्क्याच्या शोधात ही रक्कम छोटी नाही.

अशाच छोट्या रकमा आणखी आहेत. प्रत्येक सर्वेक्षण रेडशिफ्टचं अंतरात रूपांतर करताना एक संदर्भ-मॉडेल वापरतं. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर दीर्घिकांचा नकाशा दृष्टिरेषेत आणि आडवा असा वेगवेगळ्या प्रमाणात ताणला जातो, आणि ती विकृती वाढीच्या सहीसारखी दिसते. वरच्या मॉडेलसाठी रेडशिफ्ट ०.५ ला मी हबल दर गुणिले कोनीय अंतर असं गुणोत्तर बॉसच्या ०.३१ च्या संदर्भाशी ताडून पाहिलं. फरक ०.४ टक्के. ‘एवढासा’ म्हणून सोडू नका, तुमचा सगळा संकेतच एक टक्क्याचा आहे. बॉस आणि ई-बॉसचे निकाल हबल दर, कोनीय अंतर आणि एफ-सिग्मा-८ या तिन्हींच्या एकत्रित मॅट्रिक्ससह येतात. ते तसे घेतलेत तर ही दुरुस्ती आपोआप होते, वेगळा गुणक लावावा लागत नाही.

सिग्मा-८ च्या व्याख्येतही एक खोच आहे. त्यातले ८ हे मेगापार्सेक (वैश्विक अंतराचं एकक) भागिले छोटा एच (हबल स्थिरांकाचा शंभरावा भाग) या एककात आहेत. हबल स्थिरांक ६८.२ असेल तर गोलाची त्रिज्या ११.७ मेगापार्सेक, ६६.७ असेल तर १२.० मेगापार्सेक. आणि बदलत्या डार्क एनर्जीचं मॉडेल हबल स्थिरांक नेमका एवढाच खाली नेतं. म्हणजे दोन मॉडेलांच्या सिग्मा-८ ची तुलना करताना तुम्ही दोन वेगळ्या आकाराच्या गोलांची तुलना करत असता. १२ मेगापार्सेकचा पक्का गोल घेऊन सिग्मा-१२ वापरावी असं सुचवलं गेलं आहे. डब्ल्यूवरच्या कामात मला ते पटतं, निदान दोन्ही आकडे शेजारी मांडावेत.

न्यूट्रिनोंचं वस्तुमान तुम्ही शून्य धरलंय, ते मात्र चालणार नाही. तिन्हींची बेरीज किमान ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे हे ऑसिलेशनच्या प्रयोगांनी दाखवलंय. एवढ्या वस्तुमानानेही छोट्या मापांवर पॉवर स्पेक्ट्रम साडेतीन टक्क्यांच्या आसपास दबतो, म्हणजे सिग्मा-८ पावणेदोन टक्के खाली. तुमच्या पूर्ण संकेताहून मोठा आकडा. त्यात डब्ल्यू आणि न्यूट्रिनो एकमेकांत गुंतलेले आहेत: डेसीच्या २०२५ च्या डेटात लॅम्डा-सीडीएम धरलं तर बेरजेची वरची मर्यादा ०.०६४ येते, आणि डब्ल्यू बदलू दिलं की ती ०.१६ पर्यंत सैल होते. म्हणून दोन्ही एकत्र मोकळे सोडा. आलेखावर त्यांचा तिरका पट्टा दिसेल तेव्हा कळेल की वाढीचा डेटा कुठे उपयोगी पडतो: तो पट्टा आखूड करण्यात.

आता डब्ल्यूने उणे एक ओलांडण्याबद्दल. साध्या एका स्केलर क्षेत्राला, म्हणजे क्विंटेसन्सला, उणे एकच्या खाली जाता येत नाही. फँटम क्षेत्राला वर येता येत नाही. तुमचं मॉडेल ०.४ ला ही रेषा ओलांडतं, आणि द्रव मानून विक्षोभाची (लहान चढउतारांची) समीकरणं लिहिली की नेमकी तिथे ती फुटतात. कोड चालला, चेन (फिटमधल्या पॅरामीटर-नमुन्यांची साखळी) अभिसरली, म्हणजे हा प्रश्न सुटला असं नाही. कँब आणि क्लास तिथे पीपीएफ नावाची युक्ती वापरतात, ती रेषा सुरक्षित ओलांडून देते, पण मागे कुठलं भौतिकशास्त्र आहे ते सांगत नाही. डब्ल्यू-शून्य आणि डब्ल्यू-ए हे वर्णन आहे, सिद्धान्त नव्हे. खरोखर ओलांडायचं असेल तर दोन क्षेत्रं लागतील, किंवा गुरुत्वाशी जोडलेलं क्षेत्र लागेल, आणि ते दुसरं घेतलंत की वाढीच्या समीकरणातली ओढच बदलते. वाढीचा डेटा खऱ्या अर्थाने निवाडा करतो तो इथे. एकच प्रसरण-इतिहास देणारी दोन मॉडेलं, एक सामान्य सापेक्षतेतलं आणि एक नसलेलं, अंतरांना ओळखता येत नाहीत, वाढीला येतात. १७ ऑगस्ट २०१७ ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण १.७ सेकंदांच्या अंतराने पोचले, आणि लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा सांगणारी मॉडेलं एका दिवसात बाद झाली. त्यातून वाचलेलं घन गॅलिलिऑन हे बदललेल्या गुरुत्वाचं मॉडेल दीर्घिका आणि सीएमबी यांच्या आयएसडब्ल्यू सहसंबंधाने (रचनांमधून जाताना प्रकाशाच्या ऊर्जेत होणाऱ्या बदलाने) बाद केलं, कारण त्याच्या संकेताचं चिन्हच उलटं येत होतं. अंतरांच्या फिटमध्ये त्या मॉडेलाचं बरं चाललं होतं. मला या विषयात सर्वात समाधान देणारा निकाल कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो.

एस-८ चा ताण मिटवल्याचं वाक्य मात्र काढूनच टाका. केआयडीएस या लेन्सिंग सर्वेक्षणाचं (वाटेतल्या पदार्थाने प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या) २०२१ चं मूल्य ०.७५९ होतं, प्लँकचं ०.८३, आणि त्या दरीवर असंख्य मॉडेलं उभी राहिली. २०२५ मध्ये त्याच सर्वेक्षणाच्या अंतिम डेटातून ०.८१५ आलं. जास्त आकाश आणि दीर्घिकांच्या रेडशिफ्टचं सुधारलेलं कॅलिब्रेशन यामुळे दरी बहुतांशी बुजली. एसीटी दुर्बिणीच्या सीएमबी लेन्सिंगने ०.८४० दिलं. ई-रोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या दीर्घिकासमूहांनी २०२४ मध्ये ०.८६ दिलं, म्हणजे प्लँकच्याही वर. डीईएसच्या तीन वर्षांच्या डेटातलं ०.७७६ अजून खालीच आहे. कमकुवत लेन्सिंगची मापं जिथे संवेदनशील असतात तिथे कृष्णविवरांच्या झोतांनी वायू बाहेर फेकला जातो, आणि त्याचं मॉडेलिंग अजून पक्कं नाही. अशा वेळी ‘माझ्या मॉडेलने ताण मिटला’ म्हणणं म्हणजे वाळूवर इमारत बांधणं. शिवाय बदलतं डब्ल्यू ओमेगा-एम वर ढकलतं आणि एस-८ मध्ये ओमेगा-एमचं वर्गमूळ बसलेलं आहे. सिग्मा-८ थोडी उतरली तरी एस-८ जागेवर राहू शकतं. दोन्ही आकडे सुटे द्या.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात डेटाला हातच लावू देत नाही. आधी तुमच्या मॉडेलला फक्त सीएमबी, बीएओ आणि सुपरनोव्हा यांवर फिट करा. त्या चेनमधल्या प्रत्येक नमुन्यासाठी ०.१ ते २ पर्यंत एफ-सिग्मा-८ काढा. हे तुमचं भाकीत, पट्ट्यासकट. लॅम्डा-सीडीएमसाठी तसाच दुसरा पट्टा काढा. दोन पट्टे शेजारी ठेवून त्यावर वाढीचे बिंदू नुसते ठेवा, फिट करू नका. पट्ट्यांमधलं अंतर बिंदूंच्या त्रुटीपेक्षा लहान असेल तर हा डेटा तुमच्यात निवाडा करणार नाही, हे तिथेच कळतं आणि सहा महिने वाचतात. त्यानंतर एकत्रित फिट करा आणि म्यू नावाचा एक जादा पॅरामीटर ठेवा, गुरुत्वाच्या ओढीला गुणणारा. तो १ शी सुसंगत आला तर परीक्षा पास, आणि हे सांगण्यासारखं फळ आहे. डेसीच्या विश्लेषणात त्याचं आजचं विचलन ०.११ आलं, साधारण अर्ध्याच्या त्रुटीसह, म्हणजे अजून भरपूर जागा मोकळी आहे.

तुमच्या मॉडेलचा सगळ्यात मोठा फरक आजच्या जवळ आहे हे वर दिसलंच. तिथे आकाशाचं आकारमान कमी पडतं, त्यामुळे रेडशिफ्ट-विकृती थकते. पण तिथेच दीर्घिकांचे विशिष्ट वेग थेट मोजता येतात: मूलभूत प्रतल, टली-फिशर (दीर्घिकांच्या गुणधर्मांवरून त्यांचं अंतर देणारे दोन संबंध), आणि आता रूबिन वेधशाळेला सापडू लागतील ते जवळचे सुपरनोव्हा. ०.१ च्या खालचे दोन-तीन टक्के पकडायचे तर रस्ता तो आहे. ०.९ च्या वर युक्लिड उपग्रहाचं काम येईल, जिथे चिन्ह पुन्हा उलटं अपेक्षित आहे. एका टोकाला जास्त, मधे कमी, दुसऱ्या टोकाला जास्त, असा आकार तीन वेगळ्या पद्धतींनी दिसला तर तो एखाद्या चुकीने बनवणं अवघड आहे.

तुमच्या सारांशातलं वाक्य सध्या असं लिहा: वाढीचा डेटा या मॉडेलशी सुसंगत आहे आणि लॅम्डा-सीडीएमशीही तितकाच सुसंगत आहे, आजच्या अचूकतेवर तो दोहोंत भेद करत नाही. नवी चेन झाली की डब्ल्यू-शून्य आणि न्यूट्रिनो वस्तुमान यांचा आलेख आणि तो दोन पट्ट्यांचा आलेख, दोन्ही इथे टाका. पट्टे ०.५ च्या आसपास एकमेकांवर येत नसतील तर ओमेगा-एम कुठेतरी अजून बांधलेला राहिलाय, आधी तिथे बघा.